एकतर्फी पराभवाची स्मृती : डोंबिवली, कल्याण आणि धावफलकाची दुसरी बाजू

प्रस्तावना

क्रिकेटच्या इतिहासलेखनात विजयाला प्रकरणे मिळतात, पराभवाला तळटीप. अटीतटीच्या सामन्यात हरलेल्या संघाला निदान सहानुभूती तरी लाभते; पण सामना पूर्णपणे एकतर्फी झाला, तर पराभूत संघाचे स्थान केवळ विजेत्याच्या विक्रमामागील पडद्याइतके उरते. असे असूनही क्रिकेटरसिक मात्र एकतर्फी पराभव विसरत नाहीत. तो कोणत्या दिवशी झाला, त्या वेळी आपण कोठे होतो, बातमी कोणी सांगितली, हे सारे त्यांना तपशीलवार स्मरते. ही स्मृती कशी घडते, कोणत्या पराभवाला ती जवळ करते आणि कोणत्या पराभवाला दाराबाहेर ठेवते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अभ्यासासाठी ठाणे जिल्ह्यातील कल्याण-डोंबिवली परिसर निवडण्यामागे एक विशेष कारण आहे. पाच वर्षांच्या अंतराने या परिसराचा दोन अत्यंत एकतर्फी पराभवांशी संबंध आला. पहिला ५ जानेवारी २०१६ रोजी कल्याणच्या मैदानावर संपलेल्या शालेय सामन्यातील, तर दुसरा १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेड येथील भारतीय संघाचा, ज्यात डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे खेळत होता. यांपैकी एक पराभव सर्वांच्या तोंडी आहे. दुसऱ्याला येथे कोणी पराभव म्हणतच नाही. हा भेद कशामुळे पडला, हे पाहण्यासाठी कालक्रम थोडा मागे-पुढे करणे सोयीचे ठरेल.

बेचाळीसची पिढी

आज सत्तरीच्या आसपास असलेल्या रसिकांपुढे एकतर्फी पराभवाचा विषय काढला की पहिला आकडा येतो तो ४२ चा. जून १९७४ मध्ये लॉर्ड्स कसोटीत इंग्लंडने ६२९ धावा केल्या. भारताने पहिल्या डावात ३०२ धावा करून बऱ्यापैकी प्रतिकार केला होता. शनिवारअखेर दुसऱ्या डावात बिनबाद २ अशी स्थिती होती, रविवार विश्रांतीचा. सोमवारी, २४ जून रोजी, अवघ्या १७ षटकांत संघ ४२ धावांत आटोपला आणि भारताचा एक डाव व २८५ धावांनी पराभव झाला. त्या ४२ पैकी एकनाथ सोलकरच्या नाबाद १८ होत्या. दुसरा कोणीही दोन आकडी धावसंख्या गाठू शकला नाही.

या पराभवाचे दुःख रसिकांनी एका माणसाच्या डोक्यावर ठेवले. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकून देणारा कर्णधार अजित वाडेकर तीन वर्षांत खलनायक ठरला. मुंबईतील त्याच्या घरावर दगडफेक झाल्याचे सांगितले जाते. १९७१ च्या विजयाप्रीत्यर्थ इंदूरमध्ये उभारलेल्या भव्य बॅटच्या शिल्पालाही संतप्त जमावाने विद्रूप केले. वाडेकरचे क्रिकेट त्या दौऱ्यानंतर लवकरच संपले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पराभव सांघिक असला तरी स्मृतीला एक चेहरा हवा असतो. अकरा जणांवर रागावणे अवघड जाते. एकावर रागावणे सोपे पडते.

छत्तीस आणि डोंबिवली

मराठीत 'छत्तीसचा आकडा' म्हणजे वैर. तीन आणि सहा हे अंक देवनागरीत एकमेकांकडे पाठ करून बसतात, म्हणून हा वाक्प्रचार. १९ डिसेंबर २०२० च्या सकाळपासून क्रिकेटरसिकांपुरता या आकड्याला दुसरा अर्थ चिकटला. पहिल्या डावात ५३ धावांची आघाडी घेतलेला भारतीय संघ दुसऱ्या डावात ९ बाद ३६ वर थांबला; मोहम्मद शमी जखमी होऊन तंबूत परतला आणि डाव संपला. जोश हेझलवूडने केवळ ८ धावांत ५ बळी घेतले. मयंक अगरवालच्या ९ धावा ही डावातील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या होती. ४२ चा नीचांक ४६ वर्षांनी मोडला गेला.

रहाणेचा जन्म संगमनेर तालुक्यातील अश्वी खुर्दचा, परंतु त्याचे बालपण आणि शालेय शिक्षण डोंबिवलीत झाले, तो स. वा. जोशी विद्यालयाचा विद्यार्थी. मध्य रेल्वेच्या या पट्ट्यातील होतकरू खेळाडूसाठी क्रिकेट म्हणजे प्रथम लोकलचा प्रवास असतो. खांद्यावरील किटबॅग गर्दीच्या डब्यात शिरवणे हे येथील पहिले कौशल्य, फलंदाजी त्यानंतरची. त्यामुळे रहाणेविषयी डोंबिवलीकरांना वाटणारी आपुलकी केवळ गावकीची नाही. आपण रोज करतो तोच प्रवास करून हा मुलगा पुढे गेला, ही भावना त्यात आहे. ॲडलेडच्या पहिल्या डावात विराट कोहली ७४ धावांवर धावबाद झाला तो रहाणेसोबतच्या गोंधळात, आणि दुसऱ्या डावात रहाणे शून्यावर बाद झाला. १९७४ च्या न्यायाने पाहता दोष ठेवण्यासाठी चेहरा तयारच होता.

तसे घडले नाही. कोहली मायदेशी परतला, नेतृत्व रहाणेकडे आले, आणि दहा दिवसांच्या आत मेलबर्न येथे त्याच्या ११२ धावांच्या खेळीने चित्र पालटले. सिडनीचा सामना अनिर्णित राहिला. १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनला भारताने ३ गडी राखून विजय मिळवत मालिका २-१ अशी जिंकली. या सामन्यात जुन्या ठाणे जिल्ह्याचाही मोठा वाटा होता. पालघरचा शार्दूल ठाकूर पहिल्या डावात ६७ धावा करून वॉशिंग्टन सुंदरसह १२३ धावांची भागीदारी करून गेला आणि त्याने सामन्यात ७ बळी घेतले. पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. तोपर्यंत तेही ठाणे जिल्ह्यातच होते.

परिणामी 'छत्तीस'ची स्मृती बदलली. आज कोणताही रसिक ॲडलेडची आठवण एकटी सांगत नाही. ती मेलबर्न आणि ब्रिस्बेनची प्रस्तावना म्हणूनच सांगितली जाते. पराभवाची लाज विजयाच्या व्याजासह फिटली. त्या डिसेंबरमध्ये करोनामुळे लोकल सेवा सर्वसामान्य प्रवाशांसाठी पूर्णपणे खुली झालेली नव्हती आणि उपनगरातील असंख्य नोकरदार घरीच होते. त्यामुळे कचेरीत, प्लॅटफॉर्मवर वा डब्यात एकत्र बसून करायची चर्चा मोबाइलच्या पडद्यावर झाली. लोकलच्या डब्यातील वादाची धार तिला होती की नाही, हा प्रश्न वेगळा.

वायले नगर, ४ व ५ जानेवारी २०१६

आता ज्या सामन्याला येथे पराभव म्हटले जात नाही, त्याकडे वळणे आवश्यक आहे. मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या सोळा वर्षांखालील आंतरशालेय एच. टी. भंडारी करंडक स्पर्धेत कल्याणच्या वायले नगर येथील युनियन क्रिकेट अकादमीच्या मैदानावर के. सी. गांधी स्कूल आणि आर्य गुरुकुल या दोन शाळांची गाठ पडली. आर्य गुरुकुलने प्रथम फलंदाजी केली. सर्व बाद ३१. त्यानंतर के. सी. गांधीचे सलामीवीर मैदानात उतरले आणि पहिल्या दिवसअखेर धावफलक होता १ बाद ९५६. पंधरा वर्षांचा प्रणव धनावडे १९९ चेंडूंत ६५२ धावांवर नाबाद होता.

त्या सायंकाळपर्यंत दोन विक्रम मागे पडले होते. पहिला पृथ्वी शॉचा, २०१३ मधील हॅरिस शील्ड स्पर्धेतील ५४६ धावांचा. दुसरा अधिक जुना, जून १८९९ मध्ये इंग्लंडमधील क्लिफ्टन कॉलेजच्या अंतर्गत सामन्यात तेरा वर्षांच्या ए. ई. जे. कॉलिन्सने केलेल्या नाबाद ६२८ धावांचा. सुमारे ११६ वर्षे टिकलेला हा विक्रम कल्याणमध्ये मोडला जाताच दुसऱ्या दिवशी मैदानाभोवती गर्दी लोटली, वार्ताहर आले, कॅमेरे आले. के. सी. गांधीने ९४ षटकांत ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला तेव्हा प्रणव ३२७ चेंडूंत १००९ धावांवर नाबाद होता. १२९ चौकार आणि ५९ षटकार, म्हणजे ८७० धावा केवळ सीमापार फटक्यांच्या. १४६५ ही संघाची धावसंख्याही न्यू साउथ वेल्सविरुद्ध १९२६ मध्ये व्हिक्टोरियाने केलेल्या ११०७ धावांच्या पलीकडची होती. आर्य गुरुकुल दुसऱ्या डावात ५२ धावांत बाद झाले. फरक एक डाव आणि १३८२ धावा.

हे आकडे आजवर असंख्य वेळा छापले गेले आहेत. तथापि ते एकाच बाजूने वाचले गेले. रिक्षाचालकाचा मुलगा चार आकडी धावा करतो, या कथेत एवढी ऊब होती की दुसऱ्या बाजूकडे पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही, आणि त्यासाठी कोणाला दोष देणेही योग्य होणार नाही. कल्याणसारख्या, मुंबईच्या सावलीत राहण्याची सवय झालेल्या शहराचे नाव त्या दिवशी जगभरच्या वृत्तपत्रांत आले होते. पण इतिहासाच्या अभ्यासकाने त्याच धावफलकाची दुसरी बाजू वाचली पाहिजे. ९४ षटके म्हणजे ५६४ वैध चेंडू. ते कोणीतरी टाकले. सीमापार गेलेला चेंडू १८८ वेळा केवळ एका फलंदाजासाठी कोणीतरी परत आणला. त्या वेळच्या वृत्तांतांवरून दिसते की, आर्य गुरुकुलच्या संघात वरच्या वर्गातील नेहमीचे खेळाडू नव्हते. भरणा होता तो कोवळ्या वयाच्या मुलांचा, आणि त्यांतील अनेकांना सीझन बॉलचा सरावही नव्हता. सीमारेषा एका बाजूस फारच जवळ होती. झेल सुटत राहिले. ज्यांना सीझन बॉल हाताला बसल्याचा अनुभव आहे, त्यांना ते का सुटले असतील हे वेगळे सांगावे लागणार नाही.

येथे एक मूलभूत फरक दिसतो. ४२ आणि ३६ या पराभवांना कोट्यवधी मालक होते. ३१ आणि ५२ ला कोणीच मालक नव्हता. राष्ट्रीय संघ हरतो तेव्हा रसिकही हरतो, म्हणून तो चिडतो, रडतो आणि लक्षात ठेवतो. वायले नगरच्या मैदानाभोवती दुसऱ्या दिवशी जमलेला प्रेक्षक विक्रम पाहण्यासाठी आला होता. दोन्ही संघ त्याच शहरातले होते, आणि तरीही शहर एकाच बाजूला उभे होते. पराभूत संघामागे असतील तर त्यांचे पालक आणि वर्गमित्र. पराभवाची सामूहिक स्मृती तयार होण्यासाठी पराभवापेक्षाही चाहत्यांची आवश्यकता अधिक असते, हे या सामन्यावरून जसे स्पष्ट होते तसे क्वचितच अन्यत्र होत असेल.

नकार, निरोप आणि डाव घोषित करण्याचा प्रश्न

एकतर्फी सामन्यात पराभूत संघाच्या हाती काय उरते? महाराष्ट्राच्या क्रिकेट इतिहासात याचे एक प्रसिद्ध उत्तर नोंदलेले आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड हा रणजी सामना चालू होता. काठियावाडच्या २३८ धावांना उत्तर देताना महाराष्ट्राने ४ बाद ८२६ पर्यंत मजल मारली. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. डॉन ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ या तत्कालीन विश्वविक्रमापासून अवघ्या ९ धावा दूर. काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडला. विश्वविक्रमाच्या नोंदीत आपल्या संघाचे नाव कायमचे अडकू नये, असा त्यामागील हेतू सांगितला जातो. तो साध्य झाला नाही. निंबाळकरांची हुकलेली संधी ही मराठी क्रिकेटरसिकांची हळवी आठवण बनली, आणि त्या आठवणीत काठियावाडचे नाव आजही घेतले जाते ते पळपुटेपणाचा दाखला म्हणून. कदाचित खेळत राहिले असते तर ते विसरले गेले असते.

संस्थानाधिपती असलेल्या कर्णधाराला नकार देता आला. शालेय मुलांना तो अधिकार नसतो. मैदान सोडायचे की नाही, हे शिक्षक, प्रशिक्षक आणि स्पर्धेचे नियम ठरवतात. म्हणून शालेय क्रिकेटमध्ये आवर घालण्याची जबाबदारी विजेत्या बाजूच्या वडीलधाऱ्यांवर येते. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अखंड भागीदारी केली, त्या प्रसंगी डाव घोषित करण्याचा निरोप या दोघांनी दिसूनही न दिसल्यासारखा केला, ही गोष्ट पुढे मोठ्या कौतुकाने सांगितली गेली. अखेरीस रमाकांत आचरेकर सरांचा आदेश मानावा लागला आणि कांबळी ३४९ वर नाबाद राहिला. कथेतील गंमत मुलांच्या खोडीची आहे. पण निरोप पाठवणारे गुरू त्यात आहेत, याकडे कमी लक्ष जाते. त्या दिवशी सेंट झेवियर्सकडून लेगस्पिन टाकत बेदम मार खाणारा साईराज बहुतुले पुढे मुंबईचा आधारस्तंभ झाला आणि २००१ मध्ये भारताकडून कसोटीही खेळला. त्यामुळे त्या पराभवाला निदान एक नाव मिळाले.

कल्याणमध्ये डाव कधी घोषित व्हावयास हवा होता, या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. सामना दोन दिवसांचा होता, नियमभंग काहीही नव्हता, आणि ६५२ वर खेळणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला थांब म्हणणे कोणत्याही प्रशिक्षकाला जड गेले असते. परंतु प्रतिस्पर्धी ३१ धावांत बाद झाल्यावर पहिल्या दिवशीच ९५६ धावा जमल्या असतील, तर दुसऱ्या दिवसाचा खेळ प्रतिस्पर्ध्याशी उरत नाही. तो आकड्याशी असतो. त्या आकड्यासाठी समोरच्या मुलांना आणखी काही तास उन्हात उभे राहावे लागले, हे विक्रमाच्या नोंदीत येत नाही म्हणून घडले नाही असे होत नाही. कॉलिन्सच्या १८९९ च्या सामन्यातही हेच आढळते. प्रतिस्पर्धी नॉर्थ टाउन संघ ८७ आणि ६१ धावांत बाद होऊन एक डाव व ६८८ धावांनी हरला. १९१४ मध्ये ईप्रच्या लढाईत मारला गेलेला कॉलिन्स इतिहासात राहिला. नॉर्थ टाउनची मुले कोण होती, हे विचारणारा वाचक विरळाच.

विक्रमानंतर

विजेत्यालाही अशा सामन्याची किंमत मोजावी लागते. मुंबई क्रिकेट असोसिएशनने प्रणवला दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती पाच वर्षांसाठी जाहीर केली. पुढे अपेक्षांचे ओझे वाढत गेले, कामगिरी मंदावली, आणि २०१७ मध्ये ही शिष्यवृत्ती थांबवावी अशी विनंती त्याच्या कुटुंबाकडूनच करण्यात आली. घेतलेले पैसे कामगिरीने फेडता येत नसतील तर ते नकोत, ही भूमिका १००९ धावांइतकी छापली गेली नाही. खेळातील सभ्यतेचा विचार करणाऱ्याने मात्र ती आकड्याच्या शेजारी नोंदवून ठेवावी. दुसरा योगायोग पृथ्वी शॉचा. विरारहून, म्हणजे पुन्हा जुन्या ठाणे जिल्ह्यातून, आलेल्या या मुलाच्या ५४६ धावांपुढे एक शालेय संघ असहाय झाला होता. ॲडलेडच्या ३६ मध्ये तोच शॉ सलामीला होता. दोन डावांत ० आणि ४. पुढच्या सामन्यात त्याला वगळण्यात आले. एकतर्फी सामन्याच्या दोन्ही बाजू पाहिलेले खेळाडू अनेक असतील, पण सात वर्षांत इतक्या टोकाच्या दोन बाजू पाहणारा दुसरा सहज आठवत नाही.

ब्रिस्बेनच्या विजयानंतर दोन प्रसंग घडले. नेथन लायनचा तो शंभरावा कसोटी सामना होता. करंडक स्वीकारण्यापूर्वी रहाणेने भारतीय संघाच्या स्वाक्षऱ्या असलेला जर्सी सदरा त्याला भेट दिला. मुंबईत परतल्यावर स्वागतासाठी आणलेल्या केकवर कांगारूची आकृती होती. रहाणेने तो कापण्यास नकार दिला. कांगारू हा प्रतिस्पर्धी देशाचा राष्ट्रीय प्राणी आहे, हे त्याचे कारण होते. महिन्यापूर्वी ३६ धावांत बाद झालेल्या संघाचा माणूस हा नकार देत होता, हा संदर्भ सोडून त्या प्रसंगाकडे पाहता येणार नाही.

आर्य गुरुकुलकडून २०१६ मध्ये खेळलेली मुले आता पदवीच्या वयाची किंवा त्याहून थोडी मोठी आहेत. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवली, ठाणे येथील महाविद्यालयांच्या वर्गांत त्यांतील काही बसूनही गेली असतील. मौखिक इतिहासाचे प्रकल्प या परिसरात गिरणी कामगार, फाळणीनंतर आलेले निर्वासित, आगरी-कोळी वस्त्या यांविषयी होतात व व्हावयास हवेत. त्या यादीत या अकरा मुलांची भर घालता येण्यासारखी आहे. विचारावयाचे प्रश्न विक्रमाचे असण्याची गरज नाही. पहिल्या दिवशी सायंकाळी घरी गेल्यावर काय सांगितले, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मैदानात यावेसे वाटले का, कॅमेरे पाहून काय वाटले, वर्गात कोणी चिडवले का, त्यानंतर क्रिकेट खेळत राहिले का, एवढे पुरेसे आहे. काठियावाडप्रमाणे या संघाने सामना सोडला नाही. ९४ षटके क्षेत्ररक्षण केल्यावर, १४३४ धावांच्या पिछाडीवर असताना, ती मुले पॅड बांधून दुसऱ्यांदा फलंदाजीला उतरली आणि पहिल्या डावापेक्षा २१ धावा अधिक करून बाद झाली.